माशांचा उन्हाळा
सुरतेस लिंबायत येथील आमच्या लहानशा खोलीत सोनेरी माशांची काचपेटी आहे. वैशाखात पाणी ३२ अंशांवर गेले. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांस लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस साडेसात. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले. दुकानदाराने चिलर सुचविला. वकिली सवयीने आम्ही उलटतपासणी केली : पाण्यातून काढलेली उष्णता जाते कोठे? ‘खोलीतच,’ तो उत्तरला. त्याच खोलीत आमच्या वृद्ध मातोश्री निजतात! माशांचा दावा खरा. परंतु प्रतिवादीही घरचाच. अखेर झाकण काढून, वर जाळी घालून, पाण्यावर लहान पंखा लावला. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. दमट हवेत तेवढेही नाहीत. उडालेल्या पाण्याच्या भरपाईस मातोश्रींनी आदल्या दिवशीच कळशी भरून ठेवण्याचा प्रघात पाडला आहे.