त्र्याऐंशीव्या वर्षीचं गाणं

आंरी साल्वादोर मला आधी भेटला तो हसवणारा गायक म्हणून. पुण्यात फ्रेंच शिकत होते, तेव्हा बाईंनी वर्गात त्याचं १९६५चं ‘ल त्राव्हाय से ला साँते’ लावलं होतं. कामचुकारांची बाजू घेणारं गाणं. सगळा वर्ग खूश. फ्रान्सनेही त्याला बरीच वर्षं असंच ओळखलं: झोरोची नक्कल आणि ते गडगडाटी हसू.

पुढे एका मैत्रिणीने ‘शाम्ब्र आवेक व्ह्यू’ची सीडी दिली. हा अल्बम २००० सालचा. साल्वादोर तेव्हा ८३ वर्षांचा. त्यातलं ‘जार्दँ दिव्हेर’ मी हेडफोनवर ऐकलं आणि सीडीचं वेष्टन पुन्हा उलटून पाहिलं. हाच का तो? ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताच्या लयीतली गिटार, आणि वर शेजारच्या खोलीतलं कुणी जागं होऊ नये अशा बेताने लावलेला आवाज. माइकच्या इतक्या जवळ, की शब्दाआधीचा श्वासही कानावर पडतो. सूर ताणून धरणं नाही, हरकती नाहीत. ओळ संपत आली की तो ती अलगद सोडून देतो. वयाने आवाज पातळ झाला असेल, पण इथे ते उणं वाटतच नाही. या गाण्याला तसाच आवाज हवा होता. ते लिहिलं होतं केरेन आन आणि बेंजामँ बिओले या विशी-पंचविशीतल्या दोघांनी.

याला साल्वादोरचा नवा अवतार म्हणतात. मला ते पटत नाही. मूळचा फ्रेंच गयानातल्या कायेनचा हा गिटारवादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रे व्हेंतुराच्या वाद्यवृंदाबरोबर ब्राझीलला गेला आणि तिथे काही वर्षं राहिला. १९५७चं त्याचं ‘दाँ मों नील’ ऐका: तीच संथ लय, तोच मऊपणा. ब्राझीलचा संगीतकार जोबिम याला बोसा नोव्हाची वाट या गाण्यात दिसली, असं सांगतात. तिथलाच गायक काएतानो व्हेलोझो याने तर ते १९८१मध्ये स्वतः गायलं. म्हणजे हा हळुवार गायक पहिल्यापासून होताच. लोकांना हसायचं होतं आणि त्याला हसवता येत होतं, त्यात हा मागे पडला. इतकी वर्षं! याचं मला खरंच वाईट वाटतं.

२००१मध्ये फ्रान्सच्या ‘व्हिक्टोआर’ संगीत पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट गायक ठरला. आता कुणाला साल्वादोर ऐकवायचा झाला तर मी ‘दाँ मों नील’पासून सुरुवात करते, मग १९६२चं ‘सिराक्यूझ’, मग हा अल्बम. विनोदी गाणी मागाहून.