एक बेट पोवळ्याचे, एक बेट डोंगराचे

शाळेत भूगोल शिकवताना ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट’ एवढे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. दोन सुट्ट्यांत लक्षद्वीपचे अगत्ती आणि दक्षिण अंदमान पाहून आलो, तेव्हा ही व्याख्या किती अपुरी आहे ते कळले.

कोचीहून लहान विमानाने आम्ही अगत्तीला उतरलो. सुमारे सात किलोमीटर लांब, रुंदी कुठेच फारशी नाही. डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. पायाखाली पांढरी वाळू, म्हणजे पोवळ्यांचाच चुरा. वर नारळाची झाडे. पश्चिमेला हिरवट-निळे, उथळ, शांत पाणी आणि त्यापलीकडे पोवळ्यांचा बांध. खवळलेला समुद्र तिथेच फुटतो.

जुहरच्या नमाजसाठी मशिदीत गेलो. वुजू करताना शेजारच्या बुजुर्गांनी नळ हळूच बारीक केला. मग हिंदीत समजावले, “वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते.” वाहत्या नदीवरही पाणी वाया घालवू नये ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, इथे तर नदीच नव्हती! शेजारच्या कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प चालतो, त्याचे महत्त्व तेव्हा पटले.

अंदमानचे चित्र अगदी उलटे. ही बेटे म्हणजे म्यानमारच्या आराकान पर्वतरांगेची समुद्रात बुडालेली शिखरे. उत्तर अंदमानातील सॅडल पीक 732 मीटर उंच आहे. दक्षिण अंदमानात चिडिया टापूकडे जाताना पडौक, गर्जन यांचे उंच वृक्ष दिसले. खाडीत खारफुटी आणि किनाऱ्यावर मगरींपासून सावध करणारे फलक. मुलांनी आमचे हात घट्ट धरले. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, उन्हाळ्यात पाणी कमी पडते. उतारावरचे पाणी अडवले नाही तर ते थेट समुद्रात जाते.

सिप्पीघाटला गाडी थांबवून चालकाने पाण्यातली वाळलेली खोडे दाखवली. “इथे शेती होती.” 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात ही जमीन जवळजवळ एक मीटर खचली आणि समुद्र आत आला तो परत गेलाच नाही. तिथे आता पाणपक्षी उतरतात.

अंदमानात समुद्र एका सकाळी आत आला. लक्षद्वीपमध्ये धोका हळू पावलांनी येतो आहे. समुद्र तापला की पोवळी पांढरी पडतात. 1998, 2010 आणि 2016 मध्ये असे घडले. पोवळी मेली की बांध झिजतो, आणि बांध गेला तर त्याच्या आडोशाला वसलेली घरे, मशिदी, विहिरी कशाच्या भरवशावर उभ्या राहणार?

परतल्यावर आमच्या धाकटीने वुजू करताना नळ बारीक केला. आम्ही काहीच सांगितले नव्हते.