हाटबाजारातले आप्त

पुण्या-मुंबईकडचा पाहुणा भालकी, औराद, बसवकल्याण अथवा आळंद या बाजूस आला, की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "तुमचे इथे कानडीवाचून अडत नाही काय?" अडते, असेच आम्ही त्यास सांगतो; आणि त्या अडण्यातूनच आम्हांला येथील माणसे लाभली, हेही सांगतो.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्याकडे गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, अशी अनेक घरांची स्थिती झाली. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. तो आपल्या गतीने चालेल. परंतु निवाड्याची वाट पाहत कोणाच्या घरचे दळण थांबत नाही.

या दळणाचेच पाहा. पिठाच्या गिरणीला कानडीतही गिरणीच म्हणतात. तेथे ज्वारीचा डबा ओळीत लावून अर्धा तास थांबावे लागते, आणि अर्धा तास मुक्याने काढणे आपल्या माणसाच्या स्वभावात नाही. "ऊटा आतेन्री?" म्हणजे "जेवण झाले का?" एवढे दोन शब्द ज्याने उच्चारले, त्याला शेजारचा माणूस लगेच सरकून जागा देतो. त्यातला 'री' महत्त्वाचा. आपल्या 'अहो'चा मान त्या एका अक्षरात सामावलेला आहे.

हाक मारण्याचीही अडचण पडत नाही. अण्णा आणि अक्का ही नाती दोन्ही भाषांत नांदतात. 'ताई' मात्र आपल्याकडे थोरली बहीण, तर कानडीत आई! भाजीवालीस आपण ताई म्हणावे आणि तिने ते आईपणाने स्वीकारावे, यात कोणाचे काय बिघडते? निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कानडी माणूसही 'होगि बर्तीनी', जाऊन येतो, असेच म्हणून उठतो. पुन्हा येण्याचे वचन दिल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये, ही रीत दोन्ही घरांची आहे.

या ओळखींचे मोल अडचणीच्या वेळी कळते. भालकी तालुक्यातील एक आजीबाई आमच्या परिचयाच्या. पोथी खडखडीत वाचतात; परंतु पेन्शनचा अर्ज कानडीत, आणि मुले लातूर-पुण्याकडे. तो अर्ज गिरणीवाल्या अण्णांच्या लेकीने भरून दिला, अंगठा नव्हे तर सही कोठे करायची तेही दाखविले. पुढे त्याच लेकीस उदगीरचे स्थळ सांगून आले. तिकडून आलेली मराठी पत्रे त्या घरी आजीबाईंनी वाचून दाखविली. दोन्ही उपकार कोणी वहीत मांडले नाहीत.

कानडी तोंडात बसली की मराठी सुटेल, अशी भीती आपल्या काही घरांत आहे. ती अगदीच निराधार नव्हे. मुलांचे शिक्षण, नोकरी, सरकारी कागद सारे कानडीकडे ओढतात. परंतु आमचे निरीक्षण निराळे आहे. जे घर बाजारात मुके राहते, त्याची मराठी चार भिंतींत कोंडते. जे घर शेजाऱ्याची भाषा आदराने बोलते, त्याच्या दारात शेजारीही मराठी शिकून येतो. गिरणीवाल्या अण्णांचे मराठी आज आमच्या काही विद्यार्थ्यांहून सरस आहे!

बडोदा, इंदूर, हैदराबाद, जेथे आपले बिऱ्हाड असेल तेथील वाचकांस आमची एवढीच विनंती : किराणा शक्यतो एकाच दुकानातून घ्यावा, गर्दी नसताना जावे, भावाआधी खुशाली विचारावी, आणि त्यांच्या भाषेतला एक शब्द रोज घरी आणावा. पिशवीत त्याचे ओझे होत नाही.