हा राजा कुठला?

मुलांनो, पुण्यात बाजीराव रस्त्यावर ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. नाव ऐकून तुम्हाला वाटेल, असेल कुणातरी संस्थानिकाचा वाडा! आत सिंहासन असेल, रत्नजडित मुकुट असेल. पण हा राजा कुठल्याच गादीवर बसलेला नव्हता. तो होता दिनकर गंगाधर केळकर यांचा छोटा मुलगा. लहानपणीच तो वारला, आणि वडिलांनी आयुष्यभर जमवलेला सगळा संग्रह त्याच्या नावाने उभा केला.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या दोस्तांना इथे यायचं तर नीरा, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरायचा आणि हडपसरवरून स्वारगेट गाठायचं. तिथून शुक्रवार पेठेतल्या नातूबागेपर्यंत चालतसुद्धा जाता येतं. वाटेत कुणालाही ‘केळकर म्युझियम’ विचारा, लगेच सांगतील.

हे केळकर मोठे हौशी गृहस्थ. जन्म १८९६ सालचा. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि छंद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, आणि पत्नी कमलाबाईंनी त्यांना मनापासून साथ दिली. आता गंमत बघा. तलवारी-ढाली जमवणारे पुष्कळ असतात. पण केळकरांची नजर गेली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि माजघरात! दिवे, दौती, कुलपं, डबे, भांडी, फण्या, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे... आणि हो, खेळणी आणि बाहुल्यासुद्धा. असं करता करता वीस हजारांहून जास्त वस्तू जमल्या. एवढं सगळं एकाच वेळी कुठून मांडणार? म्हणून त्यातल्या अडीचेक हजारच वस्तू आपल्याला पाहायला मिळतात.

पण बाहुल्या फक्त खेळण्यांच्या कपाटात शोधू नका हं! त्या भलत्याच जागी लपलेल्या आहेत. दिव्यांच्या दालनात दीपलक्ष्मी दिसेल. हातात पणती धरून उभी असलेली ही पितळेची बाईच. तिचं काम काय, तर अंधार पडला की उजेड धरायचा. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरायचं साधं हत्यार. पण इथल्या अडकित्त्यांवर माणसं आहेत, घोडे आहेत, पक्षी आहेत. आणि वज्री माहीत आहे का? न्हाणीघरात टाचा घासायची ती वस्तू. खालची बाजू खरखरीत, आणि वर धरायला चक्क एखादा पक्षी किंवा प्राणी! सांगा बरं, टाच घासायला मोर कशाला हवा? नसला तरी टाच स्वच्छ होणारच की. पण करणाऱ्याला वाटलं, रोजच्या कामातही थोडी मजा असावी. त्या कारागिराचं नाव कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्याची आठवण म्हणून उरला आहे फक्त तो मोर.

आता संग्रहालयातलं एक अख्खं घर पाहू. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला. आज कोथरूड पुण्याच्या पोटात आलं आहे, पण तेव्हा ते शहराबाहेरचं गाव होतं. कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचं देऊळ आहे ना, त्याच परिसरात हा महाल होता. पुढे तो उतरवण्यात आला. केळकरांनी त्याचे भाग आणून संग्रहालयात ‘मस्तानी महाल’ पुन्हा उभा केला. नाहीतर त्याचं लाकूड कधीच चुलीत गेलं असतं!

बाहुल्यांचं मोठं संग्रहालय पाहायचं असेल, तर दिल्लीला जायला हवं. प्रसिद्ध व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली. त्या एका बाहुलीवरून त्यांना छंद लागला, आणि १९६५ साली देशोदेशींच्या बाहुल्यांचं संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे सुरुवात होते ती एका वस्तूपासूनच.

केळकरांनी १९७५ साली आपला संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला, म्हणजेच आपल्या सगळ्यांना. १९९० मध्ये ते वारले. त्यांनी जमवलेल्या वस्तू काही फार किमती होत्या म्हणून वाचल्या, असं नाही. मोडीत जाण्याआधी कुणीतरी त्यांना हात लावला, म्हणून वाचल्या.

आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे बरं का. आपल्या गावातही जुनं घर पाडून नवं बांधताना माळ्यावरचं सामान मोडवाल्याला किलोवर जातं. त्यात आजीची पितळी भातुकली असते, लाकडी पांगुळगाडा असतो, चिंध्यांची बाहुली असते. चिंध्यांना तर मोडवालासुद्धा भाव देत नाही! पण त्या बाहुलीचं लुगडं पणजीच्या लुगड्याचा तुकडा असेल, तर तो तुकडा पुन्हा कुठल्या बाजारात मिळणार?

तेव्हा मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातली एखादी जुनी वस्तू शोधा. पितळेची असेल, तर चिंच लावून खसाखसा घासू नका; नक्षी झिजते. मऊ फडक्याने नुसती धूळ पुसा. मग एका वहीत लिहा : वस्तूचं नाव, ती कशाची आहे, कुणाची होती, कुठून आली, तिचा उपयोग काय. संग्रहालयातही प्रत्येक वस्तूची अशीच नोंद ठेवतात. ही माहिती आजी-आजोबांनाच विचारा, आणि लवकर विचारा. कारण वस्तू कपाटात राहील हो, पण तिची गोष्ट त्यांच्याजवळच आहे.