अप्पासाहेबांचे कागद आणि आमचा रुमाल

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरी दर वर्षी एकच तंटा होतो. माळ्यावरचे ठेवायचे काय आणि टाकायचे काय? माझ्या अपुऱ्या कादंबऱ्यांचे गठ्ठे म्हणजे झुरळांचे माहेरघर आहे, असे बायकोचे म्हणणे. मी तिच्याशी वाद घालीत नाही. एक तर तिचे म्हणणे खरे आहे. आणि दुसरे म्हणजे, माळा साफ करण्याच्या बाबतीत बोलायला मला तोंडच उरलेले नाही.

मी एका खेड्यातल्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. आमचे गाव पूर्वीच्या औंध संस्थानातले. संस्थान ते केवढे, तर अवघी ७२ गावे, आणि तीही एका सलग तुकड्यात नव्हेत. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे चित्रांचे आणि सूर्यनमस्कारांचे वेडे. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात मी दर साल मुलांना नेतो. रविवर्म्याची अस्सल चित्रे पाहून पोरे गप्प होतात, आणि खाली उतरल्यावर भेळ मागतात. पण या राजाने आणखी एक अजब गोष्ट केली. १९३९ साली त्याने आपण होऊन कारभार रयतेच्या हाती दिला. त्यामागे गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराची खटपट होती, आणि ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतलेला राजपुत्र होता. ते अप्पासाहेब पंत. गावोगाव पंचायती बसल्या. आमचे आजोबा अशाच एका पंचायतीत पंच होते.

आजोबांच्या मागे खारव्याचा एक रुमाल राहिला. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, जुन्या दप्तराचा. आत मोडीतले ठराव, विहिरीचा गाळ काढल्याचा जमाखर्च, आणि टंकलिखित अशी चारसहा पत्रे. पत्रांखालच्या सहीवर बोट ठेवून आजोबा सांगत, ही अप्पासाहेबांची. मला ती सही पिसारा मिटलेल्या मोरासारखी दिसे. बाकी त्या कागदांत मला काडीचा रस नव्हता.

२००४ सालच्या दिवाळीत घराला रंग काढला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि नव्या नोकरदाराला जुन्या वस्तूंचा जो राग असतो तो माझ्या अंगात पुरेपूर होता. माळ्यावरचे सारे खाली आणले आणि रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. मोडीच्या कागदांना त्याने वर्तमानपत्रांपेक्षा कमी भाव दिला. म्हणाला, "गुरुजी, जुना कागद हातात चुरतो, पुड्या बांधता येत नाहीत." मी घासाघीससुद्धा केली नाही. रुमाल तेवढा आईने काढून घेतला. कापड टिकाऊ होते. पुढे त्यात चकलीचा सोऱ्या गुंडाळला जाऊ लागला.

गेल्या वर्षी दिल्लीहून फोन आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे इतिहासात संशोधन करते.

"सर, तुम्ही वर्गात एकदा सांगितलं होतंत, तुमच्या आजोबांकडे अप्पासाहेबांची पत्रं होती. आहेत ना हो अजून?"

"बघतो शोधून," मी म्हणालो.

जिला आपण खोटे बोलू नये म्हणून शिकवले, तिच्याशी आपणच खोटे बोलावे यासारखी नामुष्की नाही. पण बोललो खरा.

मग ती आपल्या कामाबद्दल भरभरून सांगत राहिली. १९४८ साली औंध विलीन झाले आणि त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवले. मग गंगटोक, जाकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. पाव शतकाहून अधिक काळ परमुलखांत गेला. त्यांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात आहेत. पूर्वी त्या ग्रंथालयाला नेहरूंचे नाव होते, २०२३ पासून ते प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय झाले.

मी आपला भाबडेपणाने म्हणालो, "राजदूताचे कागद म्हणजे मेजवान्यांची आमंत्रणेच की!"

ती हसली. वकिलातीच्या फायली सरकारच्या. बदली झाली, की साहेब जातो, कपाट तिथेच राहते. साहेबाबरोबर जातात ती आलेली खासगी पत्रे, कार्बनच्या नकला, टिपणे, भाषणांचे कच्चे खर्डे. आणि त्या दोहोंच्या मधले अर्धसरकारी पत्र! ते जिव्हाळ्याने नाव घेऊन सुरू होते आणि पोटात राज्याची गोष्ट असते. ते सरकारी फायलीत जायचे, की घरच्या पेटीत, हे पुष्कळदा ठेवणाऱ्याच्या मनावर.

मग ती सहज बोलून गेली, "पण सर, पेटीत मुख्यतः त्यांना आलेली पत्रं असतात. त्यांनी हातानं लिहून ज्यांना पाठवली, ती त्या लोकांच्या घरी."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

तिचा विषय नैरोबीचा. नैरोबीत अप्पासाहेबांची ऊठबस गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा आफ्रिकी पुढाऱ्यांत जास्त. आफ्रिकी मुलांना हिंदुस्थानात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. १९५२ च्या ऑक्टोबरात केनियात आणीबाणी पुकारली गेली, जोमो केन्याटांवर खटला भरला. त्यांच्या बचावाला नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना धाडले. अप्पासाहेबांविरुद्ध इंग्रजांच्या तक्रारी सुरूच होत्या. १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावी लागली.

त्या दिवसांची सरकारी बाजू कोठे पाहावी, तर इंग्रजांच्या दप्तरात. पण निघताना त्यांनी काय केले? १९६१ मध्ये लंडनहून वसाहतींना हुकूम सुटले, की राणीच्या सरकारला अडचणीत आणील असा कागद नव्या सरकारच्या हाती पडता कामा नये. जाळायचे तर राखही कुटून विसकटा. बुडवायचे तर वजन बांधून, किनाऱ्यापासून दूर, प्रवाह नसलेल्या खोल पाण्यात बुडवा. उरलेले पुष्कळसे विलायतेत नेऊन हॅन्सलोप पार्क येथे दडवले. केनियातले म्हातारे लंडनच्या न्यायालयात छळाची दाद मागू लागले, तेव्हा कुठे २०११ साली ते बाहेर आले. ३७ वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली! २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड देऊ केले. जाळलेल्यांचे काय, ते कोण सांगणार? अशा वेळी तिथल्या एखाद्या परक्या वकिलाने आपल्या पेटीत ठेवलेल्या पत्रांना मोल येते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्रजांनी निदान कागद वाचून जाळले. मी वाचलेही नव्हते. कार्बनची नकल दिल्लीला असेल, तर बरे. पण गावच्या पंचाला लिहिलेल्या पत्राची नकल कोण ठेवतो? आणि आजोबांनी उलट काय लिहिले होते? आजोबा भांडकुदळ गृहस्थ होते. गोड लिहिले असेल, असे मला वाटत नाही.

अखेर या नवरात्रात मीच तिला फोन केला आणि सारे सांगून टाकले. पलीकडे शांतता. रागावेल, रडेल, की गुरू म्हणून गिळून टाकील, काही कळेना. मग तिने विचारले,

"रद्दीवाला कुठला, सर?"

"तालुक्याचा. तो गेला. दुकान मुलगा चालवतो."

"त्यांचा माळा आहे?"

वीस वर्षे उलटून गेली. तिथे काय मिळणार आहे! पण ती भाऊबीजेला माहेरी येते आहे, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याला जाणार आहोत. बायकोला हे सांगितले, तेव्हा वाटले, आता नव्या रद्दीवरून जुने भांडण निघणार. ती काही बोलली नाही. काल पाहतो, तर सोऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि खारव्याचा रुमाल धुऊन दोरीवर वाळत घातलेला.

"न्या बरोबर," ती म्हणाली. "पिशवीत कोंबून आणलेत, तर चुरतील."