सायकलीची मोटर व तिचा कारभारी

आमच्या शाळेच्या विज्ञान-मंडळाने २०२४ च्या दिवाळीनंतर जी विजेची सायकल जोडली, तिजविषयी पालकवर्गाकडून वारंवार पृच्छा होत असते. मोटर कोठून आणली, बॅटरीस खर्च किती आला, एकदा भरल्यावर ती किती किलोमीटर जाते, हे प्रश्न बहुधा सर्वजण विचारतात. कंट्रोलर कोणता घेतला व तोच का घेतला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक बाकीच्या सर्व वस्तूंची निवड मंडळाने एका आठवड्यात उरकली, आणि या एका वस्तूवर दीड महिना वाद चालला. म्हणून येथे आम्ही त्याच वस्तूविषयी चार शब्द लिहिणार आहो.

सायकल कोणासाठी, हे प्रथम सांगितले पाहिजे. शाळेची घंटा देणारे आमचे शिपाई, ज्यांस सर्व मुले ‘मामा’ म्हणतात, ते घाटंजीच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज अकरा किलोमीटर सायकल मारीत येतात. वय चौपन्न. गुडघ्यांची झीज झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांस चढावर सायकल चालविण्याची मनाई केली. एस. टी.ची पहिली गाडी त्यांच्या फाट्यावर येते ती प्रार्थनेची वेळ टळून गेल्यावर. मोटारसायकल घ्यावी एवढी प्राप्ती नाही. शहरात खोली घेऊन राहावे तर घरच्या दोन एकर पऱ्हाटीकडे कोण पाहणार? सेवानिवृत्तीस अद्याप अवकाश असता नोकरी सोडण्याचा विचार त्यांनी एके दिवशी बोलून दाखविला, आणि ही गोष्ट नववीच्या मुलांच्या कानी गेली. मंडळाच्या सभेत मुलांनी मोठमोठे बेत मांडले तेव्हा मामा दारातच उभे होते. ते एवढेच म्हणाले, “सर, मले गाडी पयवाची नाही. तेवढा चढ चढून गेली म्हंजे झालं.” पुढे वाद वाढला की आम्ही फळ्यावर हेच वाक्य लिहून ठेवीत असू.

आता कंट्रोलर म्हणजे काय? सायकलीच्या चाकात जी मोटर बसवितात तिला जुन्या मोटरीप्रमाणे कार्बनचे ब्रश नसतात. आत तांब्याच्या तारेची वेटोळी तीन गटांत गुंडाळलेली असतात व त्यांच्याभोवती लोहचुंबके फिरतात. कोणत्या क्षणी कोणत्या गटातून वीज सोडावी, हे ठरविणारे कोणीतरी पाहिजे. अन्यथा चुंबके जागच्या जागी थरथरत राहतील. ते काम करणारी पेटी म्हणजे कंट्रोलर. मोटरीतील लहान संवेदक चुंबकांची जागा त्याला कळवितात, आणि तो त्याप्रमाणे एका सेकंदात हजारो वेळा वीज सोडतो व तोडतो. घरात पैसा मिळविणारा एक असतो व खर्च करणारे पुष्कळ असतात. मधला कारभारी शहाणा असला तर घर चालते. येथे बॅटरी मिळविणारी, मोटर खर्चणारी, आणि कंट्रोलर हा कारभारी होय. ‘प्रोग्रामेबल’ याचा अर्थ इतकाच की, या कारभाऱ्यास आपली शिस्त धन्याने घालून देता येते. कारखान्याने घालून दिली तीच कायम, असे नाही.

मुलांना वाटत होते की शक्ती जितकी जास्त तितके बरे. एका बुद्धिमान विद्यार्थ्याने बहात्तर व्होल्ट व पन्नास ॲम्पिअरच्या कंट्रोलरचे चित्र आणले होते. आम्ही त्याला ‘नको’ म्हटले नाही. हिशेब करावयास सांगितले. मामांच्या वाटेवरील सर्वांत अवघड चढ मुलांनी पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला. तो शंभर मीटरांस चार मीटर निघाला. मामा, सायकल व डबा मिळून वजन ९० किलो. ताशी १२ किलोमीटर वेगाने जावयाचे तर एका सेकंदात ३.३३ मीटर अंतर, म्हणजे १३ सेंटिमीटरांहून किंचित अधिक उंची चढावयाची. ९० किलो वजन तितके उचलण्यास सुमारे ११८ वॉट लागतात. टायरचे घर्षण व वारा यांचे चाळीसएक धरले तर १६० वॉट. त्यांतील साठ वॉट मामांच्या पायांनी सहज द्यावे. उरले शंभर! मोटर व कंट्रोलर यांत वाया जाणारी वीज धरूनही दीडशेच्या आसपास काम भागते. बहात्तर व्होल्ट व पन्नास ॲम्पिअर यांचा गुणाकार ३६०० होतो. मुलगा फळ्याकडे पाहून स्वतःच हसला.

तथापि गावातील एका विक्रेत्याने मुलांस निराळाच उपदेश केला. “मोटर अडीचशेचीच घ्या, कागदावर तेच दिसेल, कंट्रोलर मोठा लावून देतो, पन्नासने पळेल,” असे तो म्हणाला. या बोलण्यात लबाडी आहे, पण शास्त्रही आहे, आणि पालकांनी ते समजून घेण्याजोगे आहे. मोटरीवर कोरलेला आकडा मोटरीस रोखीत नाही. छत्तीस व्होल्टच्या बॅटरीवर पंधरा ॲम्पिअरचा कंट्रोलर लाविला की मोटर ५४० वॉट खेचू शकते, मग तिच्या अंगावर २५० लिहिलेले असो की आणखी काही. बंधन असते ते कंट्रोलरात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत याविषयी स्पष्ट अटी आहेत. मोटरीची तीस मिनिटे टिकणारी शक्ती पाव किलोवॉटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत, योग्य ब्रेक व प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या. आणि पायडलला साहाय्य करणारी सायकल असल्यास पाय थांबताच मोटरही थांबली पाहिजे. या अटी पुऱ्या झाल्या तर वाहन ‘मोटार वाहन’ गणले जात नाही. नोंदणी नको, परवाना नको. अटी तपासून प्रमाणित करण्याचे काम नियमाने चाचणी-संस्थांकडे दिले असून पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक होय. कारखानदार आपले नमुने तेथे पाठवितात. शाळेत जोडलेल्या एकट्या सायकलीस तसा दाखला नाही, हे आम्ही मामांस व मुलांच्या पालकांस आरंभीच सांगितले. आणि दाखला नाही म्हणूनच आपले आकडे अटींच्या आतच राहिले पाहिजेत, असा निर्बंध घातला. आकडे वाढविलेल्या गाड्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ च्या मे महिन्यात मोहीम काढली होती. शिवाय ज्या पालकांची मुले अठरा वर्षांखालील आहेत त्यांनी २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम १९९-अ अवश्य पाहावे. अज्ञान मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. ‘सायकलच तर आहे’ हे उत्तर, कंट्रोलरातील आकडा वाढविलेला असल्यास, तेथे चालावयाचे नाही.

पायास मोटरीची जोड द्यावी, पायास बेकार करू नये, ही कल्पना काही नवी नव्हे, आणि परदेशीही नव्हे. सातारा जिल्ह्यात फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस सायकल-रिक्षा सुधारण्याचे काम हाती घेतले. रिक्षा ओढणाऱ्याचे श्रम हलके व्हावे म्हणून त्यांनी एक सुधारलेली पायडलची, दुसरी पायडलला मोटरीचे साहाय्य असलेली व तिसरी केवळ विजेची, अशा तीन रिक्षा बनविल्या, व २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांविषयी लिहिले. त्या काळी लिथियमच्या बॅटऱ्या अशा कामास मिळत नसत. शिशाच्या जड बॅटऱ्यांवरच सर्व भागवावे लागे. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आमच्या मुलांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना विशेष वाटले ते याचे की, एवढा शिकलेला मनुष्य रिक्षावाल्याच्या पायांचा विचार करीत बसला.

बाजारात कंट्रोलर ढोबळ मानाने तीन तऱ्हेचे दिसले. पहिला साधा, स्वस्त, बंद डब्याचा. त्यात काहीच बदलता येत नाही. दुसरा चिनी संचाबरोबर येणारा, ज्याच्या लहान पडद्यावरील कळा दाबून चाकाचा व्यास, वेगमर्यादा वगैरे थोडे आकडे बदलता येतात. कुनटेंगच्या जातीत बॅटरीचा प्रवाह निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. हा वाईट नाही, आणि ज्यांना खटपट नको त्यांनी हाच घ्यावा. तिसरा संगणकास जोडून सर्व काही ठरविता येणारा. त्यांत कॅनडातील ग्रिन टेक्नॉलॉजीजचा फेजरनर पाण्यापासून उत्तम सुरक्षित, पण आमच्या वर्गणीबाहेरचा. दुसरा व्हेस्क. तो स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी रचला आणि त्याचा आराखडा व आज्ञावली सर्वांस खुली ठेविली. त्यामुळे तो अनेकजण बनवितात. मात्र बनविणारा कोण हे पाहून घ्यावे लागते.

आमचा कौल व्हेस्ककडे पडला तो खुलेपणामुळे नव्हे, जरी मुलांना त्याचेच कौतुक होते. कारण निराळे होते, व ते समजण्यास बॅटरीतील प्रवाह आणि मोटरीतील प्रवाह हे दोन वेगळे आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे. चढावर चाक सावकाश फिरते तेव्हा मोटरीस पुरते छत्तीस व्होल्ट लागत नाहीत. समजा नऊच लागतात. कंट्रोलर बॅटरीकडून छत्तीस व्होल्टने पाच ॲम्पिअर घेतो व मोटरीस नऊ व्होल्टने वीस ॲम्पिअर देतो. दोन्हीकडे शक्ती १८० वॉटच. पण वेटोळ्यांतून वीस ॲम्पिअर जात आहेत, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. पडद्यावर फक्त बॅटरीचा प्रवाह दिसतो, म्हणून चालविणाऱ्यास वाटते सर्व ठीक आहे, आणि आत वेटोळी भाजत असतात. यवतमाळास मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. जेथे हवाच इतकी तापलेली, तेथे मोटरीतील प्रवाहास वेगळी मर्यादा घालता आली पाहिजे. दुसऱ्या तऱ्हेच्या पेटीत ती सोय आम्हांस आढळली नाही. व्हेस्कमध्ये ती आहे.

मग आकडे ठरले. बॅटरीचा प्रवाह ७ ॲम्पिअर, मोटरीचा २२. पेटी ७० अंश तापली की शक्ती हळूहळू कमी व्हावी व ८५ अंशांस बंद पडावी. बॅटरीत दहा घट एकापुढे एक आहेत. पूर्ण भरल्यावर ती ४२ व्होल्ट दाखविते. ३४ व्होल्टपासून मोटरीने ओढ कमी करावी व ३१ वर थांबावे, असे केले. याचा लाभ मामांना सर्वांत जास्त झाला, कारण सायकल वाटेत एकाएकी मरत नाही. म्हाताऱ्या बैलाप्रमाणे आधी मंदावते, मग मालक समजतो. बॅटरी मात्र आम्ही तयारच विकत घेतली, व ती उघडण्यास मुलांना बंदी केली. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्याचे चलच्चित्र सर्वांनी पाहिले होते. अधिक सांगावे लागले नाही.

वेगमर्यादेचे गणित गोड आहे. व्हेस्कला ताशी किलोमीटर नव्हे, चुंबकांच्या जोड्यांनी गुणलेले फेरे सांगावे लागतात. चाकाचा परीघ २.०७ मीटर; ताशी २४ किलोमीटर म्हणजे मिनिटास ४०० मीटर, म्हणजे १९३ फेरे. आतील दंतचक्रांमुळे मोटर चाकाच्या पाचपट फिरते, आणि चुंबके सोळा म्हणजे आठ जोड्या. १९३ ला चाळीसने गुणून ७७२०. आठवीच्या एका मुलीने हे उत्तर सर्वांआधी काढले व तोच आकडा पेटीत घातला गेला. पुढे एका मोठ्या मुलाने विचारले, “सर, कोणी बघत नाही, नऊ हजार केले तर?” त्यास आम्ही मामांकडेच पाठविले. काय बोलणे झाले ठाऊक नाही; आकडा ७७२० च राहिला. दूरनियंत्रणाचा ब्लूटूथचा भाग आम्ही मुद्दामच बसविला नाही. आकडे बदलावयाचे तर पेटीचे चार स्क्रू काढून तार जोडावी लागते, आणि ती तार प्रयोगशाळेच्या कपाटात असते.

सायकल डिसेंबरपासून चालू आहे. मामा प्रार्थनेच्या वीस मिनिटे आधी येतात. गुडघे बरे झालेले नाहीत, ते होणारही नाहीत, परंतु डॉक्टरांनी सपाटीवर हलके पायडल मारण्यास संमती दिली आहे व चढावर मोटर आहे. मे महिन्यात दुपारच्या परतीच्या वाटेवर पेटी ६४ अंशांपर्यंत गेली, त्यावर नाही. जुलैत काळ्या मातीचा चिखल पेटीच्या झाकणापर्यंत उडाला. तारा खाली वळसा देऊन वर घेतल्या होत्या म्हणून पाणी आत गेले नाही. पण झाकणाखालील रबर एका कोपऱ्यात चेपले आहे, ते बदलावयाचे आहे. नोंदींची वही प्रयोगशाळेत असते; ज्या पालकांस आकडे पाहावयाचे असतील त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. त्या वेळी बहुधा सायकलही तेथेच असते, कारण मामा तोवर खोल्यांस कुलपे लावीत असतात.