रात्रीची पाळी

प्रेमकथेला अडचण लागतेच. पूर्वीं ती कुळाची असे, हुंड्याची असे, वडिलांच्या हट्टाची असे. अलीकडच्या कांहीं चित्रपटांना तिच्यासाठीं निश्चेष्ट झालेलें शरीर सांपडलें आहे. अंथरुणास खिळलेला बुद्धिमान् पुरुष आणि त्याची शुश्रूषा करणारी स्त्री यांच्यांत हळूहळू प्रीति उपजते. आणि ती ऐन भरास आली असतां तो पुरुष मरण मागतो. २०१६ सालच्या 'मी बिफोर यू' या इंग्रजी चित्रपटाचा नायक त्यासाठीं स्वित्झर्लंडला जातो. त्या चित्रपटाच्या लंडनमधील पहिल्या खेळाच्या वेळीं अपंग स्त्रीपुरुषांनीं निदर्शनें केलीं. आमचें जिणें मरणाहून वाईट, असें हा चित्रपट लोकांना शिकवितो, ही त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे या जातीची कथा त्यापूर्वींच, २०१० सालीं, संजय लीला भन्साळी यांच्या 'गुजारिश'मध्यें येऊन गेली होती. ती गोव्यांत घडते. ईथन मॅस्करेन्हस हा एके काळचा नामांकित जादूगार. अपघातानें मानेखालचें शरीर निकामी होऊन त्याला चौदा वर्षें झालेलीं. त्यांपैकीं बारा वर्षें सोफिया ही परिचारिका त्याची सेवा करीत आहे. तो न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो, ती मिळत नाहीं; तेव्हां सोफिया त्याला मुक्त करण्याचें कबूल करते, आणि तो तिला लग्नाची मागणी घालतो.

या चित्रपटांतील एक प्रसंग मला विसरतां येत नाहीं. रात्रीं छप्पर गळूं लागतें आणि पाण्याचा थेंब थेंब त्या माणसाच्या कपाळावर पडत राहतो. मान बाजूला घेण्याची सोय नाहीं. जवळ कोणी नाहीं. परवशता म्हणजे काय, हें दाखविण्यासाठीं दिग्दर्शकानें तो प्रसंग योजिला, आणि तो साधला आहे. परंतु मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसली. त्या थेंबाचें दुःख केवळ मोडलेल्या मानेचें नव्हे. त्या खोलींत रात्रीची पाळी कोणाचीच नव्हती, त्याचेंही तें दुःख आहे.

तो चित्रपट मीं ज्या घरीं पाहिला, त्या घरामुळेंच ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली. पुणें-नाशिक आणि अहिल्यानगर-कल्याण हे दोन महामार्ग आळेफाट्याला एकमेकांस छेदतात. मालमोटारी, एस. टी., कांद्याच्या गोण्यांनीं भरलेले ट्रॅक्टर यांचा ओघ तेथें रात्रींही थांबत नाहीं. याच रस्त्यावर माझे थोरले चुलतबंधु अकरा वर्षांपूर्वीं मोटारसायकलवरून पडले आणि त्यांच्या मानेचा मणका मोडला. हातांना थोडी हालचाल उरली. बाकीच्या शरीराला कांहीं जाणवत नाहीं. दर दोन तासांनीं त्यांची कूस बदलावी लागते. न बदलली तर पाठीवर व्रण पडतात, आणि ते चिघळले तर जिवावर बेततें. लघवीची नळी तुंबली नाहीं ना, हेंही पाहावें लागतें. वहिनींच्या उशाशीं गजराचें घड्याळ असतें. बारा, दोन, चार, अशी त्यांची रात्र.

चित्रपट चालू असतां वहिनी लसूण सोलीत बसल्या होत्या. सोफियाचे ते लांब घोळदार झगे पाहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढा झगा सांवरून ही बाई त्यांची कूस कशी बदलते हो?" दादा खो खो हंसले.

दादांनींही एकदां मरण मागितलें होतें. "सोडव रे मला यांतून," असें ते मला म्हणाले, तो आठवडा वहिनींच्या तापाचा होता. अंग फणफणत असतांही गजर झाला कीं त्या उठत. दादांच्या पाठीला वेदना नव्हती. परंतु उठतांना वहिनी कण्हत, तें त्यांना ऐकूं येई. पुढें एका पुतण्यानें आणि शेजारच्या एका तरुणानें आठवड्यांतील तीन रात्री वांटून घेतल्या. त्यानंतर दादांनीं तो विषय काढला नाहीं. यावरून मरण मागणाऱ्या प्रत्येकाचें दुःख असेंच मिटेल, असा सिद्धांत मी मांडीत नाहीं. पण अशी मागणी कधीं कधीं दुसऱ्याच्या श्रमांचा हिशेब करून केलेली असते, एवढें मला त्या घरानें दाखविलें.

चित्रपटांतील प्रश्न मुंबईंत प्रत्यक्षही उभा राहिला होता, आणि तेथें परिचारिकाच रुग्ण झाली होती. के. ई. एम. रुग्णालयांतील अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्यें तेथीलच एका कर्मचाऱ्यानें अत्याचार केला आणि साखळीनें त्यांचा गळा आवळला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. त्यांना शांतपणें मरूं द्यावें, असा अर्ज पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केला. परिचारिकांनीं त्यास विरोध केला. आणि ७ मार्च २०११ रोजीं तो फेटाळला गेला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं न्यायालयापुढें आली. १८ मे २०१५ रोजीं त्या वारल्या.

अरुणा यांची स्वतःची इच्छा विचारण्याची सोय नव्हती. म्हणून तो निर्णय योग्य होता कीं नाहीं, याविषयीं सुज्ञांत मतभेद राहणारच. पण एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या सेवेविषयीं मतभेद नाहीं. ज्यांनीं अरुणा यांना कधीं चालतांबोलतांना पाहिलें नव्हतें, अशा मुलींनीं त्यांना न्हाऊं घातलें, भरविलें. या सेवेलाही मी प्रीतीच म्हणतों. ती टिकली, कारण तिला पाळ्या होत्या. एक परिचारिका घरीं जाऊन झोपे, तेव्हां दुसरी उशाशीं येई.

९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला, आणि असाध्य अवस्थेंतील रुग्णाचे जीव लांबविणारे उपचार थांबविण्याची वाट घालून दिली. तो हक्क मला मान्य आहे. पण आळेफाट्याच्या त्या घरांत त्याच्या आधींचा प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें काळजीवाहकाची व्याख्या केली, आणि मोबदला न घेतां सांभाळ करणारी घरचीं माणसेंही तींत धरलीं. अधिक आधार लागणाऱ्यांसाठीं काळजीवाहकाच्या भत्त्याचाही त्यांत उल्लेख आहे. म्हणजे वहिनींच्या जागरणाला निदान कायद्यांत नांव मिळालें.

'गुजारिश'च्या कथेनें मात्र सारा भार सोफियाच्या एकटीच्या हृदयावर ठेवला. एकाच माणसानें सर्व करावयाचें ठरलें, कीं त्याच्या प्रीतीची शेवटची सेवा म्हणून मरणच पुढें येतें. पडद्यावर तें सुंदर दिसतें, आणि प्रेक्षक डोळे पुसून घरीं जातो. त्याच्या आळींतही एखादें असें अंथरूण असण्याचा संभव आहे. तेथें समाचाराला जातांना आपण फळें नेतों, घटकाभर बसतों, धीर देतों. निघतांना त्या घरच्या बाईकडे आठवड्यांतील एक रात्र मागून घ्यावी.